यम गेलं, डीएनएफ आलं, आणि आमचे कारखाने अजून सातवरच

मालवी_माणूस (धागाकर्ता)

मंडळी, धागा जरा तांत्रिक आहे पण आयटीत नसलेल्यांनीही वाचावा, कारण तुमच्या घरच्या गोळ्यांच्या पाकिटावर जो बॅच नंबर छापलेला असतो ना तो ज्या मशीनवरून येतो तीही याच भानगडीत अडकलेली असते.

मी इंदूरला एका छोट्या सर्व्हिस कंपनीत आहे, काम म्हणजे पीथमपूर, देवास, सांवेर रोडच्या कारखान्यांचे लिनक्स सर्व्हर सांभाळायचे. निम्म्याहून जास्त ठिकाणी अजून सेंटओएस ७ आहे, म्हणजे रेड हॅट कंपनीच्या विकतच्या लिनक्सची फुकट आवृत्ती; त्यात सॉफ्टवेअरची पॅकेजं टाकायची-काढायची कमांड म्हणजे यम. ३० जून २०२४ ला त्याचा सपोर्ट संपला हे सगळ्यांना माहीत होतं, मालकांनाही, मेल पाठवून पाठवून आमचे हात दुखले. मग जुलै लागला आणि मिररलिस्टचा, म्हणजे पॅकेजं कुठून उतरवायची त्या यादीचा, पत्ताच बंद झाला, यम अपडेट मारलं की होस्ट सापडत नाही म्हणून बोंब. मग काय, रेपोच्या फायलीत मिररलिस्टच्या ओळीपुढे हॅश टाका, बेसयूआरएल व्हॉल्टकडे, म्हणजे जुन्या आवृत्त्यांच्या गोदामाकडे, वळवा, झालं परत चालू. चालू म्हणजे काय तर जुनी पॅकेजं उतरतात, नवा पॅच, म्हणजे दुरुस्ती, एकही नाही. आणि मालक मागे उभा राहून म्हणतो, बघा, चालतंय ना, उगाच घाबरवून राहिले होते तुम्ही.

आता सगळीकडे एकच ऐकू येतं की कंपन्या आळशी, कंजूष, अपग्रेड करत नाहीत. मला याच्या उलटं म्हणायचंय. अवजार बनवणारे लोक अवजार बदलतात आणि त्याचं बिल आमच्या टेबलावर येतं. आठवर गेलं की यम नाही, डीएनएफ. तिथे यम टाइप केलं तरी चालतं कारण तो नुसता सिमलिंक, म्हणजे डीएनएफकडे नेणारी पाटी, आहे, आणि लोक म्हणतात बघा किती काळजी घेतली. अरे पण वागणूक बदलली त्याचं काय? सातवर यम रिमूव्ह केलं की सांगितलेलं पॅकेज आणि त्याच्यावर अवलंबून असलेली जात होती, बस. आठवर डीएनएफच्या कॉन्फिगमध्ये क्लीन रिक्वायरमेंट्स ऑन रिमूव्ह चालूच असतं, म्हणजे त्या पॅकेजसाठी म्हणून जे जे आधी आलं होतं आणि आता कुणाला लागत नाही असं त्याला वाटतं ते सगळं तो सोबत उचलून नेतो. एका व्हेंडरच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये आधी जुनं काढा मग नवं घाला असं आहे, आणि मध्ये यम रिमूव्ह च्या पुढे डॅश वाय, म्हणजे न विचारताच हो. टेस्ट व्हीएमवर चालवून पाहिलं तर त्यांच्याच ॲप्लिकेशनला लागणाऱ्या दोन लायब्ररी गायब, ॲप्लिकेशन त्यांनी टारबॉलमधून, म्हणजे नुसतं फायलींचं गाठोडं सोडून, टाकलेलं त्यामुळे आरपीएमला, म्हणजे पॅकेजांच्या नोंदवहीला, त्याचा पत्ताच नाही. व्हेंडरला विचारलं तर उत्तर, आमचं प्रॉडक्ट सातवर सर्टिफाइड आहे.

नाव तेच ठेवून चाल बदलायची यापेक्षा सरळ कमांड नॉट फाउंड आलं असतं तर परवडलं असतं. तुमच्याकडे काय परिस्थिती आहे सांगा.


सुपर_कॉरिडॉर

दादा राग मानू नका पण हे रडगाणं फार जुनं झालं. फेडोरा, म्हणजे रेड हॅटच्या आधी जिथे नवं येतं ते लिनक्स, त्याच्या २२ मध्ये डीएनएफ डिफॉल्ट झालं ते २०१५ साली. तेव्हापासून यम टाइप केलं की स्क्रीनवर सूचना येत होती की ही कमांड आता जुनी झाली, डीएनएफकडे वळवतोय. रेड हॅट ८ आलं मे २०१९ ला. सेंटओएस ७ संपलं जून २०२४ ला. मधे पाच वर्षं. पाच वर्षांत तुमचा व्हेंडर एक स्क्रिप्ट दुरुस्त करू शकत नसेल तर दोष अवजाराचा कसा?

आणि रिमूव्ह वरची तुमची तक्रार म्हणजे तर कमालच आहे, टारबॉलमधून सॉफ्टवेअर टाकायचं, पॅकेज मॅनेजरला सांगायचंच नाही, आणि मग म्हणायचं त्याला कळलं कसं नाही. आमच्याकडे सगळं कंटेनरमध्ये, म्हणजे सुट्या बंद डब्यांत, आहे, बेस इमेज बदलली की तपासणीची पाइपलाइन आपोआप धावते, टेस्ट फेल झाली तर त्याच दिवशी कळतं.


आळशी_पोहेवाला

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर.


रामबागकर

सुपर कॉरिडॉरवाल्या मुला, तुझं म्हणणं अर्धं बरोबर आहे. आमच्यासारख्यांनी जे पाहिलंय ते जरा सांगतो, लांबेल.

आम्ही सुरू केलं तेव्हा यम पण नव्हतं. आरपीएमची फाईल उतरवायची, ती म्हणायची मला अमुक लायब्ररी पाहिजे, ती शोधा, ती म्हणायची मला तमुक पाहिजे, आणि असं करत करत डायलअपवर रात्र जायची. मग यलो डॉग लिनक्सवाल्यांचं एक अपडेटर होतं, ते घेऊन अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातल्या लोकांनी नव्याने लिहिलं, ते यम. त्यातला मुख्य माणूस सेथ विडाल, पुढे रेड हॅटमध्ये गेला, आणि जुलै २०१३ मध्ये सायकलवरून जाताना गाडीने उडवला, त्यातच गेला बिचारा. आपण रोज जी कमांड मारायचो ती एका माणसाने आपल्या विभागाची कॉम्प्युटरं सांभाळायला सोय म्हणून लिहिली होती, आणि पुढे त्यावर बँका चालल्या.

रेड हॅट ५ आलं २००७ ला, त्यात अप टू डेट नावाचं जुनं अवजार जाऊन यम आलं. तेव्हाही आम्ही कुरकुरलोच होतो. माझ्याच एका सहकाऱ्याने भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं की हे पायथनमध्ये लिहिलेलं खेळणं आहे, प्रॉडक्शनवर चालणार नाही. आज त्याच खेळण्यासाठी आपण रडून राहिलो.

आणि डीएनएफ उगाच नाही आलं. यम पायथन २ मध्ये होतं आणि पायथन २ चा शेवट १ जानेवारी २०२० ठरलेला. शिवाय कुठलं पॅकेज कुणाबरोबर बसेल हे ठरवायची त्याची पद्धत हळू आणि कधीकधी चक्रावून टाकणारी. डीएनएफने ते काम सुसे या दुसऱ्या लिनक्सवाल्यांनी लिहिलेल्या लिबसॉल्व्हकडे दिलं. कारण पटण्यासारखं होतं. आता फेडोरा ४१ पासून तर डीएनएफ ५, सी प्लस प्लसमध्ये. म्हणजे तुमच्या व्हेंडरने डीएनएफ शिकून घ्यायच्या आत डीएनएफ पण बदललं, हा हा.

मालवी भिया, तुमची सिमलिंकवाली तक्रार मला पटली नाही. कमांड नॉट फाउंड आलं असतं तर हजार ठिकाणच्या क्रॉन जॉबा, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, एका रात्रीत पडल्या असत्या आणि तुम्हीच इथे दुसरा धागा काढला असता.


मालवी_माणूस

रामबागकर काका, क्रॉन जॉबा पडल्या असत्या हे मान्य. पण पडलेली दिसते, चुकीचं करून हिरवा टिक दाखवणारी दिसत नाही. माझा मुद्दा तेवढाच.

आणि सुपर कॉरिडॉर, तुझ्या पाच वर्षांचा हिशोब ऐक, कारण हाच हिशोब मला मालकाने ऐकवला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचा एक क्लायंट खरंच शहाणा होता. २०२० च्या सुरुवातीलाच म्हणाला करून टाका, सेंटओएस ८ टाका, २०२९ पर्यंत बघायला नको. तेव्हा जाहीर तारीख तीच होती, २०२९. आम्ही केलं, पैसे घेतले, सगळं नीट. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की सेंटओएस ८ ३१ डिसेंबर २०२१ ला बंद, पुढे फक्त स्ट्रीम, म्हणजे रेड हॅटच्या येणाऱ्या आवृत्तीची चालती तयारी. एका वर्षाची नोटीस. आणि सात? सात मात्र २०२४ पर्यंत चालणार. म्हणजे जो वेळेवर गेला तो आधी मेला आणि जो बसून राहिला त्याला अडीच वर्षं जास्त मिळाली. त्या शहाण्याने परत पैसे खर्च करून अल्मावर, म्हणजे सेंटओएसच्या जागी आलेल्या दुसऱ्या फुकट लिनक्सवर, नेलं. मग जून २०२३ मध्ये रेड हॅटने सोर्स कोड फक्त ग्राहकांसाठी ठेवला, तेव्हा परत फोन, आता हे अल्मा तरी राहणार का? अल्मा राहिलं, तसंच दुसरं, रॉकी, पण राहिलं, पण त्या फोनवर मी काय सांगणार होतो.

आता हे दोन्ही मालक एकाच क्लबात पत्ते खेळतात. सांगा, तिथे काय बोलणं होत असेल.


देवासची_सून

वरच्या प्रतिसादाला +१०. ज्याने ऐकलं त्याचेच पैसे दोनदा गेले. मग लोक शिकणारच ना की थांबा, आधी दुसऱ्याला जाऊ दे.


सुपर_कॉरिडॉर

सेंटओएस ८ चं मान्य. ते वाईट झालं. पण फुकट घेतलेल्या गोष्टीवर दहा वर्षांची गॅरंटी मागणं पण जरा जास्तच नाही का. रेड हॅटची सबस्क्रिप्शन घेतली असती तर हा प्रश्नच आला नसता, आठचा सपोर्ट २०२९ पर्यंत आहेच. सातला पण पैसे भरून २०२८ पर्यंत पॅच मिळतात.


मालकाचा_मुलगा

मी दुसऱ्या बाजूचा, सांवेर रोडला आमचं युनिट आहे, पार्ट बनवतो. मी इथे नेहमी खाण्याच्या धाग्यांवर असतो पण आज राहवलं नाही.

तुम्हाला वाटतं आम्हाला कळत नाही. कळतं. पण तुम्ही मांडता कसं ते बघा. तुम्ही येता आणि म्हणता सर्व्हर अपग्रेड करायचाय, इतके लाख, आणि झाल्यावर काय होईल तर सगळं आत्ता चालतं तसंच चालेल. अहो आत्ता चालतंय तसंच चालायला मी इतके लाख का देऊ. मशीन घेतली तर तासाला चार पार्ट जास्त निघतात, बँक लोन देते. याला कोणती बँक लोन देईल.

आता दुसरी गोष्ट सांगतो. ई इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं. ऑक्टोबर २०२० ला पाचशे कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना लागू झालं, मग जानेवारी २०२१ ला शंभर कोटी, मग एप्रिलला पन्नास, पुढच्या एप्रिलला वीस, ऑक्टोबर २०२२ ला दहा, आणि १ ऑगस्ट २०२३ ला पाच कोटी, तेव्हा आमचा नंबर लागला. आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर इतकं जुनं होतं की बनवणारा माणूस रिटायर होऊन पुण्याला गेला. पण बदललं. रडत रडत का होईना वेळेत बदललं, कारण आयआरएन, म्हणजे त्या पोर्टलचा बिलावरचा नंबर, नसेल तर माल गेटबाहेर जात नाही. कुणी आम्हाला लेक्चर दिलं नाही की आधुनिक व्हा.

आणि अजून एक बघा. मोठे आधी गेले. आमच्यापर्यंत येईपर्यंत मोठ्या गिऱ्हाइकांनी सगळ्या ठेचा खाऊन झाल्या होत्या, सीए लोकांना सगळं पाठ होतं, सॉफ्टवेअरवाल्यांकडे तयार माल होता. तारखा महिनोन् महिने आधी माहीत. सरकारला शिव्या देतो आपण, पण हे त्यांनी तुमच्या त्या सेंटओएसवाल्यांपेक्षा बरं केलं.


रामबागकर

मालकाचा मुलगा, उत्तम प्रतिसाद. खाण्याच्या धाग्यांवर वाया चालला होतात.


पीथमपूर_क्यूए

बराच वेळ वाचून राहिले होते, आता लिहिते. मी फार्मात आहे, क्वालिटीमध्ये, सध्या कंप्युटर सिस्टिम व्हॅलिडेशन बघते, म्हणजे सिस्टिम सांगितल्यासारखीच चालते हे पुराव्यानिशी दाखवायचं. आमच्याकडे अपग्रेड का होत नाही याचं कारण आळस पण नाही आणि पैसा पण पहिला नाही.

आमचा माल अमेरिकेत जातो. तिथला नियम, २१ सीएफआर पार्ट ११, १९९७ पासून लागू आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड कागदाइतकं भरवशाचं मानायचं असेल तर ते ज्या सिस्टिमवर आहे ती व्हॅलिडेटेड पाहिजे, कुणी काय कधी बदललं त्याचा ऑडिट ट्रेल पाहिजे. आता समजा लॅबचे रिझल्ट ज्या सर्व्हरवर साठतात त्याची ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची. तुमच्यासाठी ते एक रविवारचं काम. आमच्याकडे आधी चेंज कंट्रोल उघडतो. मग इम्पॅक्ट असेसमेंट, त्यावर आयटी, क्यूए, प्रॉडक्शन, लॅब, सगळ्यांच्या सह्या. मग प्रोटोकॉल लिहायचे. आयक्यू, म्हणजे बरोबर बसवलंय का. ओक्यू, म्हणजे सांगितल्यासारखं चालतंय का, चुकीचा पासवर्ड टाकला तर लॉक होतं का, ऑडिट ट्रेल बंद करता येतो का वगैरे. पीक्यू, म्हणजे आमच्या रोजच्या कामात, आमच्या माणसांच्या हातात नीट चालतंय का. प्रत्येक टेस्टचा पुरावा, तारीख, सही. मधे एक टेस्ट फेल झाली तर डेव्हिएशन, त्याची वेगळी चौकशी. जुना डेटा नव्या सिस्टिमवर तसाच्या तसा वाचता येतो हे दाखवायचं, कारण वर्षांपूर्वीच्या बॅचचा क्रोमॅटोग्राम, म्हणजे लॅबच्या तपासणीचा आलेख, इन्स्पेक्टर उद्या मागू शकतो आणि तो उघडला पाहिजे.

म्हणून आमच्याकडे डीएनएफ की यम हा प्रश्न कुणाला पडतच नाही. पॅकेज बदलायला दहा मिनिटं लागोत की दहा सेकंद, पुढचा कागद तेवढाच आहे. सुपर कॉरिडॉर म्हणतात तसं रोज पाइपलाइन धावली तर आम्ही रोज सह्याच करत बसू.

पण, आणि हे आमच्याच लोकांना ऐकवते मी, नियम असं कुठेही म्हणत नाही की बदलू नका. नियम म्हणतो बदल ताब्यात ठेवा. गॅम्पची, म्हणजे फार्मातल्या कंप्युटर सिस्टिमांची, मार्गदर्शिका तर जोखीम बघून टेस्टिंग ठरवा असंच सांगते, २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर त्याच्यावर अजून भर आहे. आमच्याकडे झालंय असं की एकदा व्हॅलिडेट झालं की त्याला हात लावायचा नाही अशी प्रथाच पडली, आणि प्रत्येक छोटा पॅच न लावता साठवत गेल्यामुळे शेवटी जो बदल करावा लागतो तो इतका मोठा होतो की खरंच भीती वाटते. आणि ऑडिटर आता विचारतात हं, की या सिस्टिमला व्हेंडर सपोर्ट आहे का. नाही म्हटलं की लेखी कारण द्या. मग तेही कारण कुणाला तरी लिहावं लागतं. कोण लिहितं ते सांगायला नको.


आळशी_पोहेवाला

संध्याकाळ झाली पण क्यूए ताईंचा प्रतिसाद वाचल्यावर मी लिहायची गरज उरली नाही. वाचनखुणांत टाकला.


दांडिया_बाजार

बडोद्याहून. आमच्याकडे केमिकल प्लांट. तुम्ही लिनक्स सातवर रडता, आमच्या कंट्रोल रूममध्ये विंडोज एक्सपी आहे. त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. कारण त्या पीसीत एक कार्ड आहे, त्या कार्डाचा ड्रायव्हर एक्सपीच्या पुढे कुणी लिहिलाच नाही, आणि कार्ड ज्या कंट्रोलरशी बोलतं तो बदलायचा म्हणजे वायरिंगसकट प्लांट उघडायचा. ते फक्त मोठ्या शटडाउनला होऊ शकतं आणि तेव्हा यादीत पहिला नंबर बॉयलर आणि व्हॉल्व्हचा असतो, पीसीचा नाही.

आमचं उत्तर एकच, नेटवर्कला जोडायचं नाही. सुटं ठेवलंय.


गेटवरचा_पहारेकरी

दांडिया बाजार, सुटं ठेवलंय म्हणजे पेन ड्राइव्ह पण बंद आहे का? नसेल तर सुटं नाही.

मी सिक्युरिटीत आहे, त्यामुळे मला इथे व्हिलनचं काम करावं लागणार. मे २०१७ चं वॉनाक्राय आठवा, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. लोकांच्या डोक्यात बसलंय की एक्सपीवाले बुडाले, पण इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांचं जे झालं त्यात बहुतेक मशिनी विंडोज ७ च्या होत्या, सपोर्टमध्ये असलेल्या, फक्त पॅच लावलेला नव्हता. म्हणजे सिस्टिम नवी की जुनी यापेक्षा पॅच लावायची सवय आहे की नाही हे मोठं. आणि त्यानंतर वर्षभराने, ऑगस्ट २०१८ ला, तैवानच्या टीएसएमसीसारख्या चिप बनवणाऱ्या कंपनीचे प्लांट त्याच वॉनाक्रायच्या एका भावंडामुळे थांबले. नवीन मशीन आणली, स्कॅन न करता आतल्या नेटवर्कला जोडली, बस. त्यांचं पण आतलं नेटवर्क सुटंच होतं की.

आणि आपल्याकडे सर्ट इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा, १८० दिवसांचे लॉग ठेवा. मालवी दादा, तुमच्या व्हॉल्टवर वळवलेल्या सर्व्हरवर उद्या काही झालं तर सहा तासांत तुम्ही काय कळवणार? की आम्हाला २०२४ पासून माहीत होतं?


रामबागकर

पहारेकरी, सगळं खरं, पण एक बाजू राहिली. मार्च २०२४ चं एक्सझेड, ते फायली दाबून लहान करायचं अवजार, विसरलात का. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कुणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावून मागचं दार बसवलं होतं, आणि एका मायक्रोसॉफ्टच्या इंजिनियरला, आंद्रेस फ्रॉइंडला, एसएसएच लॉगिन, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरणं, जरा हळू का होतंय असा संशय आला म्हणून सापडलं. कुणाकडे पोचलं होतं ते? फेडोराच्या पुढच्या आवृत्त्या, डेबियनची टेस्टिंग आणि अनस्टेबल, असे नव्याच्या मागे धावणारे. रेड हॅट, डेबियन स्टेबल, तुमचे ते कुजलेले सात, कुणालाही धक्का नाही. आणि १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीचं एक अपडेट आपोआप उतरलं तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशिनी निळ्या पडल्या, आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहीत बसले होते लोक.


गेटवरचा_पहारेकरी

काका, एक्सझेडमुळे हळू चाला हे सिद्ध होतं, बसून राहा हे नाही. डेबियन स्टेबल हळू चालतं पण पॅच रोज घेतं. सेंटओएस ७ आता कुठलंच घेत नाही. हलकेच घ्या. पण या दोन गोष्टी एका पोत्यात नका घालू.


रामबागकर

हे मात्र खरं. मागे घेतो तेवढं.


एसजीएस_थर्ड_इयर

मी स्टुडंट आहे, जरा वेगळा प्रश्न. उबंटू २४.०४ टाकलं, पिप, म्हणजे पायथनची पॅकेजं टाकणारी कमांड, ते इन्स्टॉल केलं तर एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट म्हणून एरर. सगळे म्हणतात ब्रेक सिस्टिम पॅकेजेस लिहून ढकल. करू का? हे पण जबरदस्तीच आहे ना?


सुपर_कॉरिडॉर

नको करू रे बाबा. हे पीईपी ६६८, म्हणजे पायथनवाल्यांचाच नियम, डेबियन १२ पासून आणि उबंटूत २३.०४ पासून आहे. तुझ्या उबंटूची स्वतःची बरीच अवजारं पायथनवर चालतात, एपीटीने, म्हणजे उबंटूच्या यमने, टाकलेली. तू पिपने त्याच जागी दुसऱ्या आवृत्त्या टाकल्या तर दोन मालक एका घरात होतात आणि उद्या अपडेट चालेनासं होतं. व्हेन्व्ह, म्हणजे पायथनची वेगळी खोली, बनव, त्यात पाहिजे ते टाक. कमांड लाइनचं एखादं टूल पाहिजे असेल तर पिपएक्स.

आणि मालवी दादा, बघा, ही जबरदस्ती बरोबर केलीये. गुपचूप चाल नाही बदलली, दारातच अडवलं, का अडवलं ते लिहिलं, कुठे जायचं ते लिहिलं, आणि अगदीच हट्ट असेल तर लांबलचक नावाची खिडकी ठेवली जी टाइप करतानाच माणसाला लाज वाटावी. डीएनएफवाल्यांनी रिमूव्हच्या वेळी असं काही केलं असतं तर... म्हणजे तुमचा तो मुद्दा मला आता पटतोय, एवढंच.


एसजीएस_थर्ड_इयर

धन्यवाद दादा, व्हेन्व्हने झालं.


मालवी_माणूस

सुपर कॉरिडॉरला पटलं म्हणजे धागा सार्थकी लागला :)

सगळ्यांचं वाचून मी एक गोष्ट केली ती सांगतो. मालकाचा मुलगा म्हणाला ना की तुम्ही मांडता कसं ते बघा, तर नव्या एएमसीच्या, म्हणजे वर्षाच्या देखभाल कराराच्या, मसुद्यात अपग्रेड वेगळा खर्च म्हणून दाखवणंच बंद केलं. आतापर्यंत एएमसी म्हणजे जे आहे ते चालू ठेवणे, आणि अपग्रेड आलं की वेगळं कोटेशन, आणि वेगळं कोटेशन म्हटलं की मालक ते बाजूला ठेवणारच. आता वर्षाच्या रकमेतच तो हिस्सा बसवला, आणि कलम असं की ज्या सिस्टिमचा सपोर्ट संपायला दीड वर्ष उरलंय तिची हलवाहलव त्याच रकमेत सुरू होणार, वेगळी सही लागणार नाही. रक्कम वाढली अर्थातच. एकाने मान्य केलं, एकाने बाहेरचा रस्ता दाखवला, बाकीचे विचार करून राहिलेत.


मालकाचा_मुलगा

बाहेरचा रस्ता दाखवणारा मी नाही हे इथे नोंदवतो.


पीथमपूर_क्यूए

मालवी दादा, फार्मावाल्यांना देताना त्यात व्हॅलिडेशनची कागदपत्रं कोण लिहिणार ते पण टाका. आयटीवाले सर्व्हर देऊन जातात आणि आयक्यूचा प्रोटोकॉल आमच्या गळ्यात. बसवतानाचे स्क्रीनशॉट, आवृत्त्यांची यादी, एवढं जरी तुमच्याकडून नीट आलं तरी आमचे दोन आठवडे वाचतात. आरपीएमने काय काय बसलंय त्याची यादी एका कमांडमध्ये निघते ना? ती आधीची आणि नंतरची, दोन्ही, पीडीएफ करून, सही सकट.


मालवी_माणूस

ताई, टाकतो. यादी निघते, आरपीएम डॅश क्यूए, योगायोगाने तुमच्या डिपार्टमेंटचंच नाव आहे त्यात.

आता एक शेवटचं तांत्रिक, कुणी सोडवलं असेल तर सांगा. निम्मे क्लायंट सातवर, निम्मे आठवर, सगळं ॲन्सिबलने, म्हणजे एका जागेवरून सगळ्या मशिनी सांभाळणाऱ्या अवजाराने, चालवतो. ॲन्सिबल कोअर २.१७ पासून समोरच्या मशीनवर पायथन ३.७ तरी पाहिजे. सातवर डिफॉल्ट २.७, ते गेलंच, ठीक आहे, त्याचा सपोर्टच संपलाय. पण आठवर सिस्टिमचं पायथन ३.६ आहे आणि डीएनएफची बाइंडिंग, म्हणजे पायथनशी जोडणी, फक्त त्याच ३.६ ला आहे. नवं पायथन शेजारी टाकलं तरी पॅकेजचं मॉड्यूल चालत नाही. म्हणजे आठ २०२९ पर्यंत सपोर्टमध्ये, पण त्यावर पॅकेज टाकणारं अवजार आत्ताच हात वर करून मोकळं. आता कुणाला आळशी म्हणायचं?


देवासची_सून

आम्ही कंट्रोल मशीनवर व्हेन्व्ह करून २.१६ पिन केलंय. सात आणि आठ दोन्ही त्यावरून, नऊसाठी वेगळं व्हेन्व्ह, त्यात नवं. इन्व्हेंटरी दोन केल्या की गोंधळ होत नाही.


सुपर_कॉरिडॉर

बरोबर आहे, आम्हीपण जुन्या क्लायंटसाठी तेच करतो. फक्त २.१६ चा सपोर्ट पण मे २०२५ ला संपला हे मालकाला आत्ता सांगू नका, आधी एएमसीवर सही होऊ द्या.